ओलं फडकं

"वात विझली तरी अंगणात येऊन पडलेल्या या न फुटलेल्या तोफगोळ्यावर रोज ओलं फडकं टाक," असं बायकोला बजावून मोग आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या बंडखोरांबरोबर टेकडीवर गेला. इंग्लंडच्या राजाच्या तोफांनी टेकडी भाजून काढली. हॅनोराने नवऱ्याला तिथेच स्वतःच्या हातांनी पुरलं आणि शब्द दिला, "तुला एकट्याला करमलं नाही, तर मी सोबतीला येईन."

रोज पहाटे जप झाला की ती फडकं भिजवून टाकी.

शेजारीण बेसी हसे, "अगं, लोखंडाला ताप आलाय का?"

आज फडकं आधीच निथळत होतं.

"बेसी, तू टाकलंस?"

"मी? त्या मेल्या गोळ्याच्या जवळ तरी जाईन का!"

फडक्याला मोग घालायचा तशी तिरकी घडी होती, आणि घडीत टेकडीवरची ओली माती.

हॅनोराने जपमाळ मनगटाला गुंडाळली, दार नुसतं लोटलं आणि टेकडीची वाट धरली.