तू एक, मी दोन

दवाखान्याच्या बाकावर बसायच्या आधी मास्तरांनी मेव्हण्याची कॉलर धरली आणि शर्टाचा वास घेतला. मग बोटांचा. मेव्हण्यानं दोन्ही हात निमूटपणे पुढं केले होते, शाळेत नखं दाखवावीत तसे. समोरची बाई औषधाची चिठ्ठी वाचायची सोडून बघत राहिली.

"पास," मास्तर म्हणाले. मग त्यांनी आपले हात पुढं केले आणि मेव्हण्यानं ते हुंगले.

गेली तीन वर्षं हे रोज चाललं होतं. आज मास्तरांच्या स्कॅनचा रिपोर्ट मिळणार होता.

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं चौकातल्या दुकानात कपडे शिवले आणि तीस वर्षं दुकानाच्या मागच्या दारात उभं राहून सिगारेटी फुंकल्या. मग मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. वीतभर आतडं कापलं, केमो झाली. सिगारेट सोडतात त्यांचं पुढं जास्त बरं चालतं, असं डॉक्टरांनी बजावलं. खात्री कुणीच देणार नाही, पण ही एक गोष्ट तुमच्या हातात आहे, म्हणाले. मास्तरांनी घरी आल्या आल्या हातात सिगारेटच घेतली. सगळं उसवलंय, आता रफू कशाला, असं त्यांचं म्हणणं.

बायकोनं लायटर लपवले. बोलणं टाकलं. रडून झालं. मास्तर शेगडीवर पेटवायला लागले.

एका दुपारी बायकोचा धाकटा भाऊ दुकानात आला. हा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सिगारेटीत मास्तरांच्या दोन पावलं पुढं होता. एरवी त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. त्या दिवशी स्टुलावर बसून नुसता कात्रीशी खेळत राहिला.

"भाऊजी," शेवटी म्हणाला, "मलाही तेच निघालंय."

मास्तरांचं मशीन थांबलं.

त्यानं हळूहळू सांगितलं. ऑपरेशन ठरलंय, पण ताईला पत्ता लागू द्यायचा नाही, ती कोसळेल. बाहेरगावी काम निघालंय असं सांगून दहा दिवस जातो. डॉक्टर सिगारेट सोड म्हणतात. एकट्यानं सुटायची नाही. तुम्ही सोडणार असाल तर बघतो.

 मास्तरांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून चिंध्यांच्या पोत्यात टाकलं.

मेव्हणा दहा दिवसांनी परत आला तेव्हा नियम ठरला, मास्तरांनीच काढलेला. रोज एकमेकांचा वास घ्यायचा. एकानं एक ओढली, की दुसऱ्यानं त्याच्यासमोर दोन ओढायच्या. तू एक, मी दोन.

पहिले दोन महिने दोघांचेही हाल झाले. मास्तर आखायचा खडू बोटांत धरून झुरके मारायचे. एकदा एका गिऱ्हाईक बाईसमोर खडू खरंच ओठात गेला आणि तिच्या पोलक्याची बाही लांड्या मापाची झाली. मेव्हणा टेस्टर चघळत लिफ्टच्या डोक्यावर चढायचा. तपासणीला दोघं बरोबर यायचे. त्याचे डॉक्टर मागच्या इमारतीत बसायचे म्हणे. तो जिन्यानं खाली जायचा आणि अर्ध्या तासात हात हलवत वर यायचा. सगळं ठीक. सिगारेट सुटली तसं त्याचं पोटही सुटलं. ताई म्हणायची, माझ्या भावाला हल्ली काय मानवलंय कोण जाणे.

चौथ्या महिन्यात मात्र तो घसरला. मास्तरांनी कॉलर हुंगली आणि सोडून दिली. शिव्या नाहीत, काही नाही. समोरच्या टपरीवर गेले, दोन सिगारेटी घेऊन आले, कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक ओठात धरली आणि काडी ओढली.

मेव्हण्यानं जळती काडी हातानंच विझवली. दोन्ही सिगारेटी मुठीत चुरगाळल्या. मग टेबलाखाली चिंध्यांत बसून रडला. मास्तर वर बसून काज करत होते. त्यानंतर तो कधी घसरला नाही.

दवाखान्यात आतून मास्तरांचं नाव पुकारलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला. मेव्हण्यानं मास्तरांचा कोपर घट्ट पकडला होता.

"स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी या."

दोघं फाटकापर्यंत आले. तिथं मेव्हणा अडखळला. म्हणाला, तुम्हाला मारायचं असेल तर इथंच मारून घ्या, ताईसमोर नको.

"भाऊजी, मला कधी काही झालंच नव्हतं. ते दहा दिवस मी खरंच कामावर होतो."

मास्तर शर्टाच्या बाह्या दुमडत होते. त्यांनी दुसरी बाहीही नीट दुमडली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"परत आलास त्याच दिवसापासून. पँट सैल करून देतो म्हणून माप घेतलं होतं तुझं. पोटावर ताजे टाके असले की माणूस टेप टेकताच कण्हतो. तू गुदगुल्या होतात म्हणून खिदळलास."

 रिक्षा येऊन थांबली, तरी मेव्हणा जागचा हलला नाही.

"मग तो नियम? तीन वर्षं माझी कॉलर कशाला हुंगत होतात?"

"दिवसाला दोन पाकिटं फुंकायचास," मास्तर रिक्षात बसत म्हणाले. "तुझ्या ताईनं किती जणांचे डबे घेऊन दवाखान्यात यायचं?"