पाच शब्द, पाच खुर्च्या

"माहीत नाही," वेटर म्हणाला. मॅडमचा प्रश्न पुरा होण्याआधीच.

पाच मिनिटांपूर्वी दवाखान्यातल्या स्मरणशक्ती तपासणाऱ्या मॅडमनी पाच शब्द वाचून दाखवले होते. मध्ये शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, आणि आता त्या ते शब्द परत मागत होत्या. नैराश्याच्या गोळ्यांनी त्याला झोप लागू लागली होती, तो दाढीही करू लागला होता. डोकं मात्र रजा वाढवतच होतं. डोकं चालतं असा कागद आण, मगच कामावर ये, असं हॉटेलमालकाने बजावलं होतं. खुद्द मालकाकडे असा कागद कोणी कधी मागितला नव्हता.

मॅडमनी फॉर्मवर शून्य काढलं. चांगलं गोलगरगरीत काढलं.

"अहो मॅडम, बारा टेबलांच्या ऑर्डरी न लिहिता सांभाळायचे हे!" शेजारी बसलेली त्याची बायको कळवळून म्हणाली. "घरी साबण आणायचा विसरायचे, पण ते पहिल्यापासूनच."

"ती टेबलं होती," तो पुटपुटला. "हे शब्द कोणाचे, तेच कळलं नाही. हवेत सोडलेली ऑर्डर घ्यायची कशी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "उभे राहा. याचे गुण धरता येणार नाहीत हं."

खोलीत खुर्च्या पाच: भिंतीकडच्या दोन रिकाम्या, एक त्याने सोडलेली, एक मॅडमची, एक बायकोची. एकेका खुर्चीकडे बोट दाखवत मॅडमनी नवे पाच शब्द सांगितले. मग पुन्हा वजाबाकी. मग विचारलं.

"भिंतीकडची पहिली, घंटा," तो सावकाश म्हणाला. "दुसरी, लिंबू. माझी... पडदा. मॅडम, तुमची... पाऊल."

बायकोची खुर्ची राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. स्टॉपवॉच पळत होतं. शब्द बायकोच्या अगदी ओठांवर आला होता. मॅडमनी तिला डोळ्यांनीच दटावलं.

"चार पुष्कळ झाले," शेवटी मॅडमच म्हणाल्या. "सोडा तो एक."

"सोडा कसं? ऑर्डर घेतलीय मी."

गर्दीच्या वेळी उतावळ्या गिऱ्हाइकापुढे धरतात तसा त्याने तळहात वर केला. कितीतरी महिन्यांनी त्याची पाठ ताठ दिसत होती. बायकोकडे किंचित वाकून तो म्हणाला,

"बस निवांत. तुझं आत गेलंय. वेळ लागतोय, पण येतंय."