आतल्या खोलीतला स्पीड

नव्याण्णव साली सुधीररावांनी डोंबिवलीच्या घरात इंटरनेट घेतलं, पण आतल्या खोलीत ते अडखळत चाले. मग एका रविवारी त्यांनी हॉलमधला फोनच काढून टाकला आणि वायर थेट आतल्या कॉम्प्युटरला जोडली.

"अहो, आईला बरं नाही. खडवलीहून चंदूचा फोन यायचाय," हेमा काकुळतीने म्हणाली. तिचं सगळं माहेर त्या वायरीतूनच घरात येई.

"खडवलीहून येऊन येऊन बातमी काय येणार? म्हैस व्याली! मी इथं घर जगाशी जोडतोय."

तिन्हीसांजेला तिचा भाऊ चंदूच दारात उभा. "ताई, सकाळपासून नुसता एंगेज लागतोय गं. आई गेली."

 

आतून सुधीरराव ओरडले, "अगं, पळत ये! न्यूयॉर्कला आत्ता पाऊस पडतोय!"