सतरा फोन

आमच्या बेकरी धंद्याचं मासिक वीस वर्षं फुकट येत होतं. या महिन्यात अंकाऐवजी पत्र आलं: यापुढे आपल्याला वर्गणी भरावी लागेल. समोरच्या बाबरच्या बेकरीत मात्र अंक फुकट आला होता. त्याने तो न उघडताच खारीच्या ट्रेमध्ये अंथरला.

बाबर बेकरी संघटनेचा खजिनदार, म्हणजे वशिला आलाच. पत्र खिशात घालून मी सरळ मासिकाचे संपादक कुडचीकर यांच्याकडे गेलो.

"बाबरला फुकट आणि मलाच पैसे? पैसे कोणाकडून घ्यायचे ती यादी त्यानेच केली ना?"

"यादी तुम्हीच केलीत," कुडचीकर शांतपणे म्हणाले. "मागच्या महिन्यात अंक आला नाही म्हणून तुम्ही दोनदा फोन केला होता."

"केलाच. तुमची माणसं टाकायला विसरतात."

"कोणी विसरलं नाही. तो अंक मी छापलाच नव्हता. अकराशे दुकानांत अंक जातो. जाहिरातदारांना तेवढा आकडा लागतो, म्हणून बाकीच्यांना फुकट जाईलच. पण वाचतं कोण, ते मला बघायचं होतं. सतरा जणांचे फोन आले."

"म्हणजे वाचतो त्यालाच दंड?"

"कागद परवडत नाही हो. जो वाचतच नाही, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने मागू?"

मला अजूनही खरं वाटत नव्हतं. "बाकीचे सोळा कोण, ते दाखवा आधी."

त्यांनी वही पुढे केली. त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. मी वर्गणी भरली आणि सोळाही जणांचे नंबर उतरवून घेतले.