तुल्लिओची पदवी

"पेरुत्सो, तुल्लिओ," असं नाव पुकारलं गेलं आणि प्रोफेसर गल्वानिन यांचा हात पदवीच्या गुंडाळीवर तसाच राहिला.

महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांना इटलीतलं पादोवाचं विद्यापीठ त्या दिवशी पदव्या देत होतं. सभागृहभर काळे कपडे. कुणाचा बाप पुढे यायचा, कुणाची आई यायची, लाल फितीची गुंडाळी घेऊन परत फिरायची. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून लोक गप्प बसून होते. वैद्यकाच्या पदव्या गल्वानिन देत होते. सकाळी यादी हातात आल्यापासून त्यांना या एकाच नावाची धास्ती होती.

समोर आली ती पन्नाशीची बाई. हातांची कातडी पाण्याने पांढरी पडलेली, अंगावर कुणाचा तरी मागून आणलेला काळा कोट. तिने गुंडाळी घेतली, मान लववली आणि जागेवर न जाता सरळ दाराबाहेर पडली.

यादी संपताच गल्वानिन झगा न उतरवता बाहेर आले. चौकातल्या खांबांमध्ये धुकं शिरलं होतं. ती दगडी बाकावर बसली होती. कागद उलगडलेला होता, पण उलटा.

"साहेब, काय लिहिलंय हो यात? मला वाचता येत नाही."

त्यांनी कागद सुलटा केला. मजकूर लॅटिनमध्ये होता, तो तिच्या बोलीत सांगितला. तुल्लिओ पेरुत्सो, वैद्यकशास्त्राचा डॉक्टर.

"म्हणजे आता पास झाला?"

"झाला."

"जिवंत होता तेव्हा नापास, आणि आता पास." तिच्या आवाजात राग नव्हता. "पण मास्तरांना कशाला बोल लावू? ते काम माझंच."

"तुमचं?"

"एकोणीसशे सतराच्या मार्चात त्याची परीक्षा होती. लष्कराने अभ्यासापुरतं सोडलेलं. नदीवर कपडे धुताना आम्हा बायकांत बोलणं निघालं. एक म्हणाली, पास होतात त्यांना डॉक्टर करून थेट तोफांपुढे धाडतात. नापास झाला की बसतो घरात पुस्तकं घेऊन. मी तशीच उठले आणि इथल्या मोठ्या देवळात संताकडे गेले. समाधीच्या दगडावर हात ठेवला. म्हटलं, बाबा, एवढ्या वेळेला माझ्या पोराला नापास कर. मेणबत्ती लावली, चांगली जाड."

तिने त्यांच्या हातातून कागद परत घेतला.

"संताने ऐकलं की हो. आठवड्याच्या आत त्याला पलटणीत परत नेलं, जखमी उचलायला. पास झालेले राहिले इथल्या इस्पितळात. ऑगस्टात तार आली. आमच्या गिरणीवाल्याचा मेनेगो त्याच्याच बरोबर परीक्षेला बसलेला, पास झालेला. गावात दवाखाना घालून बसलाय आता. परवा माझी नाडी बघत होता. मी त्याच्या हाताकडेच बघत बसले."

गल्वानिन गप्प राहू शकले असते. तिला त्यांचं नाव माहीत नव्हतं. चार दिलाशाचे शब्द बोलून ते आत गेले असते, तर कुणाला काही कळलं नसतं.

ते तिच्या शेजारी बसले.

"बाई, संताचा यात काही हात नाही. आणि तुमचाही. तो मास्तर मी."

तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"त्याला सगळं येत होतं. तीन प्रश्न विचारले, तिन्हीची उत्तरं बरोबर दिली. पण आला तेव्हा बूट चिखलाने बरबटलेले. माझ्या खोलीत गालिचा होता, त्यावर ठसे उमटले. मी म्हटलं, गोठ्यात आलात का? तो हसला. घाबरून हसला असेल. मला वाटलं, मस्ती आहे. मग चौथा प्रश्न असा विचारला, की त्याचं उत्तर मलाही धड सांगता आलं नसतं. आणि नापास लिहिलं. अर्ध्या मिनिटाचं काम. म्हटलं, जूनमध्ये येईल पुन्हा, तोवर जरा शिस्त लागेल."

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता तिने ओरडावं, अंगावर थुंकावं, काहीही करावं, त्यांची तयारी होती. त्या मेणबत्तीचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तिने एक थोबाडीत दिली असती, तर त्यांचंही थोडं उतरलं असतं.

ती चौकातल्या ओल्या फरशीकडे बघत राहिली.

"चिखल," ती म्हणाली.

आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. लोक उठत होते.

"रात्रभर पाऊस पडला होता. ट्रामपर्यंत कोसभर वाट, सगळी शेतातली. निघताना म्हणाला, आई, एक फडकं दे गं बरोबर, तिथे उतरलो की बूट पुसून घेईन. म्हटलं, देते."

तिने पदवीचा कागद मांडीवर पसरला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"अख्ख्या गावाचे कपडे धुते मी, साहेब. आणि फडकं द्यायचं विसरले."