कपाळाचा ठसा

"पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तीस वर्षं कापड तपासलंय, व्याही. एक तुटका धागासुद्धा या नजरेतून सुटत नाही. लेकीचा शालू मीच निवडणार," असं म्हणत भिकननाना साडीच्या दुकानात शिरायला गेले आणि बंद काचेच्या दारावर दाणकन आदळले.

काचेवर कपाळाचा ओला अष्टगंध ठसठशीत उमटला. व्याही आपल्याच चपलांकडे बघत राहिले. मान वर न करता नाना रुमालाने काच पुसू लागले, तोच वॉचमन धावत आला.

"राहू द्या, काका. सकाळपासून सहा जण धडकले, पण शेठ साधी पट्टी चिकटवत नाही. आता निदान दार तरी दिसतंय." त्याने टिळा निरखून पाहिला. "फक्त जरा वाकून खाली अजून एक लावाल का? लहान पोरंही येतात."