खालचा बांबू

"काका, तेवढा खालचा बांबू सोडता का? फोटोत आडवा येतोय."

वहाळावर पोफळीची खोडं टाकून काकांनी नुकताच नवा साकव बांधला होता. वडिलांच्या बदलीनंतर सुटलेल्या या गावात मी चाळीस वर्षांनी आले होते; लहानपणीचं फारसं काही आठवत नव्हतं. कोकणातले साठेक साकव मी टिपलेत, पण धरायला एकाखाली एक असे दोन बांबू कुठेच पाहिले नव्हते.

"तो नाही सोडायचा," काका म्हणाले. "पूर्वी पोस्टमास्तरांची धाकटी शाळेत जाताना इथे रडत उभी राहायची. वरच्या बांबूला तिचा हात पोचत नव्हता. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर साकव घातला की हा खालचाही बांधतो."

"आता वाडीत लहान कोण आहे?"

"कुणी नाही. म्हणून काय झालं? सुटीत येतं की कुणाचं तरी."

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. कमरेत वाकून खालचा बांबू धरला आणि साकवावर पाऊल टाकलं.

"अहो ताई, वरचा धरा!" काका ओरडले.

"वरच्याची सवय तुम्ही कुठे लागू दिलीत, काका?"